न्यू ऑर्लिन्स: ठेक्याच्या मागावर, गुरुवार ते बुधवार

न्यू ऑर्लिन्सचा जॅझ फेस्ट दोन वीकेंड चालतो, एप्रिलच्या अखेरीचा आणि मेच्या सुरुवातीचा. बाहेरून येणारे बहुतेक रसिक त्यातला एक वीकेंड धरतात, सगळे दिवस मैदानात उभे राहतात आणि सोमवारी सकाळी परततात. आमचं मत वेगळं आहे. पहिल्या वीकेंडचा एकच दिवस मैदानाला द्यावा आणि दोन वीकेंडच्या मधले सोमवार, मंगळवार, बुधवार शहरातच राहावं. या मधल्या दिवसांत निम्मे वादक शहरात मोकळे असतात. एरवी एका मंचावर न दिसणारी माणसं छोट्या बारमध्ये रात्री एकत्र येऊन वाजवतात. रॉक आणि फंक जवळून ऐकायचं तर तिथेच.

क्रमही जपावा. आधी जुनी जागा, मग रेकॉर्डचं दुकान, मग मैदान, मग रस्ता आणि शेवटी छोटी खोली. या क्रमाने गेलं की नव्या अल्बममधला ड्रम कुठून आला ते कानाला आपोआप कळत जातं.

गुरुवार: रॅम्पार्ट स्ट्रीट

पहिल्या दिवशी मैदानाकडे फिरकूच नये. फ्रेंच क्वार्टरच्या कडेने जाणाऱ्या नॉर्थ रॅम्पार्ट स्ट्रीटवर, ड्युमेन स्ट्रीटच्या कोपऱ्यावर एक साधी इमारत आहे. गेली बरीच वर्षं तिथे लाँड्रोमॅट चालतं. याच जागी 1945 पासून 1956 पर्यंत कोझिमो मटासा यांचा जे अँड एम स्टुडिओ होता. पुढे रेकॉर्ड आणि विजेच्या उपकरणांचं दुकान, मागे एक छोटी खोली. फॅट्स डॉमिनोने डिसेंबर 1949 मध्ये 'द फॅट मॅन' इथेच रेकॉर्ड केलं आणि लिटल रिचर्डने सप्टेंबर 1955 मध्ये 'टुटी फ्रुटी' इथेच.

दोन्ही गाणी हेडफोन लावून त्या फुटपाथवर, लागोपाठ ऐकावीत. दोन्हींत ड्रमवर अर्ल पामर आहे. पहिल्यात तो दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवरचा स्नेअरचा (खणखणीत आवाजाच्या छोट्या ड्रमचा) ठोका गाण्याच्या सुरुवातीपासून शेवटपर्यंत सोडत नाही. त्या काळी असा ठोका फक्त शेवटच्या जोरकस फेरीसाठी राखून ठेवत. दुसऱ्यात लिटल रिचर्डचा उजवा हात पियानोवर सरळ, समान अंतराने आठ ठोके मारतो, तर बाकीच्या वाद्यांत अजून स्विंगचा झोका शिल्लक आहे. सरळ आणि झोक्याचं, ही दोन्ही वजनं एकाच गाण्यात एकमेकांना घासतात. त्या घर्षणातून एका बाजूला रॉक निघालं. दुसऱ्या बाजूला हे वजन सरळ आणि झोका यांच्या मधोमध कुठेतरी स्थिरावलं, आणि त्यालाच पुढे या शहराचं फंक म्हणू लागले.

मटासांकडे मल्टिट्रॅक, म्हणजे वाद्यं वेगवेगळी रेकॉर्ड करायची सोय, नव्हतं. सुरुवातीला तर थेट डिस्कवर कोरून रेकॉर्डिंग व्हायचं. मोजके मायक्रोफोन असल्यामुळे आवाजाचा तोल साधायचा तो माणसं पुढेमागे सरकवून. सॅक्सोफोन जड झाला की वादकाने एक पाऊल मागे जायचं. म्हणून या रेकॉर्डवर सगळी वाद्यं एकाच हवेत श्वास घेतात. आजचे इथले बँड नवा अल्बम करताना एकाच खोलीत, एकत्र वाजवण्याचा आग्रह का धरतात, ते इथे समजतं.

रस्ता ओलांडला की आर्मस्ट्राँग पार्क आणि त्यात काँगो स्क्वेअर. गुलाम आफ्रिकी लोकांनी रविवारी जमायचं ते शहराने ठरवून दिलेल्या एकाच जागी, असा नियम 1817 मध्ये झाला, आणि ती जागा पुढे ही ठरली. ढोल वाजवायला तिथे मुभा होती. अमेरिकेतल्या बाकी बऱ्याच भागांत नव्हती. 1970 चा पहिला जॅझ फेस्टही इथेच भरला, ड्यूक एलिंग्टन आणि महेलिया जॅक्सन यांच्यासह. जागा अपुरी पडली म्हणून 1972 मध्ये तो फेअर ग्राउंड्सच्या घोड्यांच्या रेसकोर्सवर गेला.

संध्याकाळी फ्रेंचमेन स्ट्रीट. क्वार्टरच्या खालच्या टोकाला एस्प्लनेड ॲव्हेन्यू ओलांडला की लगेच लागतो. दोन-तीन ब्लॉकमध्ये स्पॉटेड कॅट, डीबीए, ब्लू नाइल, मेझन आणि स्नग हार्बर दाटीवाटीने आहेत. बार कसा निवडायचा? दाराबाहेर अर्धं गाणं ऐकायचं. फक्त बास आणि बास ड्रमकडे कान द्यायचा. दोघं एकमेकांना जागा देत असतील तर आत शिरायचं. दोघंही सगळीकडे भरभरून वाजवत असतील तर पुढचं दार. प्रवेश फुकट असेल तिथे सेटमागे एक पेय घेणं अपेक्षित असतं, आणि वादकांची बरीच कमाई फिरवल्या जाणाऱ्या बादलीतून होते. एक आणि पाच डॉलरच्या नोटा वेगळ्या खिशात ठेवाव्यात. बहुतेक बारमध्ये वय 21 लागतं. परदेशी पाहुण्याकडे मूळ पासपोर्ट मागतात, फोनमधला फोटो बऱ्याच दारांवर चालत नाही. प्लास्टिकच्या पेल्यात पेय घेऊन रस्त्यावर हिंडायला इथे परवानगी आहे, काचेच्या ग्लासात नाही.

झोपण्याआधी डब्ल्यूडब्ल्यूओझेड, 90.7 एफएम लावावं. दर विषम तासाच्या सुरुवातीला त्या दिवशी कुठे कोण वाजवतंय त्याची यादी वाचून दाखवतात, साइटवरही असते. आठवडाभर तीच यादी खरी मानावी, कारण पोस्टरवरचे पाहुणे बदलतात.

शुक्रवार: दुकान, मग टिपिटिनाज

जुलै 2015 पासून जगभर नवे अल्बम शुक्रवारी येतात. इथल्या बँडना त्याशिवाय फेस्टचा मुहूर्तही गाठायचा असतो, त्यामुळे एप्रिलमध्ये स्थानिक नव्या रेकॉर्डची रांग लागते. गलॅक्टिक या इथल्या फंक बँडने गायिका आयर्मा थॉमस यांच्यासोबत केलेला अल्बम 2025 च्या एप्रिलमध्येच आला. म्हणून शुक्रवारी सकाळी दुकान उघडतानाच फ्रेंचमेन स्ट्रीटवरच्या लुइझियाना म्युझिक फॅक्टरीत हजर व्हावं. 1992 पासूनचं हे दुकान. स्थानिक संगीताची एवढी मांडणी दुसरीकडे मिळणं कठीण.

नवं काय घ्यावं? ज्यांना आठवड्यात प्रत्यक्ष ऐकायचं आहे त्यांचं आधी. डम्पस्टाफंकचा 2021 चा अल्बम घ्यावा, कारण त्यात दोन बास गिटारिस्ट आहेत, निक डॅनियल्स आणि टोनी हॉल. डॅनियल्स 2024 मध्ये गेले, त्यामुळे ही जोडी आता रेकॉर्डवरच ऐकायची. कोण कुठे आहे ते ओळखण्यात मजा आहे. टँक अँड द बँगाजचे 'ग्रीन बलून' आणि 'रेड बलून' घ्यावेत, त्यांतला ड्रम गाण्याच्या बोलांना किती जवळून धरतो ते पाहण्यासाठी. आणि लिओ नोसेंटेलीचा 'अनदर साइड' तर चुकवूच नये. मीटर्स या इथल्या जुन्या फंक बँडच्या या गिटारवादकाने तो 1971 च्या आसपास रेकॉर्ड केला. टेप ॲलन टूसाँ आणि मार्शल सीहॉर्न यांच्या सी-सेंट स्टुडिओत पडून होत्या. 2005 च्या कटरिना वादळात स्टुडिओ बुडाला तेव्हा त्याही गेल्या असंच धरलं गेलं. पुढे त्या कॅलिफोर्नियाच्या एका जुन्या बाजारात सापडल्या आणि अल्बम 2021 मध्ये बाहेर आला. पन्नास वर्षांनी आलेलं नवं रिलीज, आणि त्यात फंक जवळजवळ नाहीच. अकूस्टिक गिटार आणि शांत गाणी आहेत. मीटर्समध्ये एकही सूर वाया न घालवणारा हात इथे मोकळा सुटलेला ऐकू येतो.

जुन्या 45 आरपीएमच्या सिंगल्स पाहताना काळजी घ्यावी. साठच्या दशकातल्या बऱ्याच अमेरिकन सिंगल्स व्हिनाइलच्या नव्हे, स्टायरीनच्या आहेत. हातात कडक लागतात, कडा धारदार असते, लेबल बहुधा वरून चिकटवलेलं असतं. झिजलेल्या सुईने स्टायरीनची खाच लवकर खरवडली जाते, आणि ती झीज डोळ्याला नीट दिसत नाही. वरून चकचकीत दिसणारी रेकॉर्ड वाजवल्यावर मोठ्या आवाजाच्या जागी फरफरते. म्हणून दुकानातल्या टर्नटेबलवर शेवटचं अर्धं मिनिट ऐकल्याशिवाय घेऊ नये. आतल्या खाचांत वेग कमी पडतो, खराबी तिथे आधी कळते. मधलं भोक मोठं, दीड इंची असतं, ॲडॅप्टर लागतो. एलपी घेताना तबकडी डोळ्यांच्या पातळीवर आडवी धरून कडेने पाहावी, वाक लगेच दिसतो. लेबलवर भोकाभोवती बारीक ओरखड्यांचं जाळं असेल तर रेकॉर्ड भरपूर वाजलेली आहे. 180 ग्रॅम लिहिलेलं आहे म्हणून आवाज चांगला असेल असं नाही. मास्टरिंग कोणी आणि कोणत्या टेपवरून केलं ते मागच्या बाजूला वाचावं. तेही लिहिलेलं नसेल तर आम्ही पुनर्मुद्रण घेत नाही.

घेतलेल्या रेकॉर्ड गाडीत ठेवून पुढे भटकू नये. बंद गाडीत लुइझियानाच्या उन्हात तासाभरात व्हिनाइल वाकण्याइतकी उष्णता साठते, आणि एकदा वाकलेली तबकडी पूर्ववत सपाट होणं अवघड असतं. आधी मुक्कामावर नेऊन उभ्या ठेवाव्यात.

दुपारी नक्की झोपावं. फेस्टच्या दिवसांत रात्रीचे कार्यक्रम दोन पाळ्यांत असतात. पहिला दहाच्या सुमारास आणि दुसरा थेट रात्री 2 ला. तिकिटावर शनिवारची तारीख आणि वेळ 2 असेल तर ती शुक्रवारची रात्र आहे. यात गल्लत होऊन तिकीट वाया घालवणारे दरवर्षी भेटतात.

टिपिटिनाज हा नेपोलियन ॲव्हेन्यू आणि चॉपिटुलस स्ट्रीटच्या कोपऱ्यावरचा पिवळसर हॉल. पियानोवादक प्रोफेसर लाँगहेअरला उतारवयात वाजवायला हक्काची जागा हवी म्हणून त्याच्या चाहत्यांनी 1977 मध्ये उघडला. दारातच त्याचा अर्धपुतळा आहे. डब्ल्यूडब्ल्यूओझेड सुरुवातीला याच इमारतीच्या वरच्या मजल्यावरून चाले. 2018 मध्ये गलॅक्टिकच्या सदस्यांनी हा हॉल विकत घेतला. म्हणजे आज मालकही वाजवणारेच. सेंट चार्ल्सची ट्राम 1.25 डॉलरमध्ये नेपोलियन थांब्यावर सोडते, पुढे दीड किलोमीटरच्या आसपास चालावं लागतं. परतताना रात्री 3-4 ला ट्रामची वाट पाहू नये, टॅक्सीच करावी.

उभं कुठे राहायचं? मंचाला चिकटून उभं राहिलं तर समोरून ॲम्प्लिफायर आणि ड्रमचा थेट आवाज येतो आणि गाण्याचे शब्द डोक्यावरून जातात, कारण ते दोन्ही बाजूंच्या मोठ्या स्पीकरमधून मागे फेकलेले असतात. भिंतीजवळ आणि कोपऱ्यात बास फुगतो, फंकमधल्या दोन सुरांच्या मधली शांतता बुजून जाते. आणि फंकमध्ये तीच तर ऐकायची असते. साउंड इंजिनियरच्या टेबलाच्या थोडं पुढे, मध्यरेषेपासून एक-दोन पावलं बाजूला, ही जागा सर्वांत चांगली. वर गॅलरी आहे. तिथून ड्रमरचे पाय दिसतात. गलॅक्टिकचा स्टँटन मूर वाजवत असेल तर दुसरा सेट वरूनच पाहावा.

शनिवार: फेअर ग्राउंड्स

मैदानाची वेळ सकाळी 11 ते संध्याकाळी 7. तासातासाचं छापील वेळापत्रक काही आठवडे आधी येतं, त्याला इथे 'क्यूब्ज' म्हणतात. त्यावर तीनच गोष्टींना गोल करावा: कुठलीही किंमत मोजून पाहायची अशी एक, जमलं तर पाहायची अशी एक, आणि नाव कधीच ऐकलेलं नाही अशी एक. जास्त गोल केले तर दिवस चालण्यात जातो. मोठ्या फेस्टिव्हल स्टेजपासून जेंटिली स्टेज मैदानाच्या दुसऱ्या टोकाला आहे. दुपारी गर्दीतून तेवढं अंतर कापायला पंधरा मिनिटं धरावीत, शेवटच्या सेटआधी वीसही.

क्वार्टरपासून एस्प्लनेड ॲव्हेन्यूने सरळ गेलं तर साधारण तीन किलोमीटर. सायकल उत्तम. झाडांची सावली आहे आणि संध्याकाळी गाड्यांच्या रांगेतून सुटका होते. आत रोख पैसे चालत नाहीत, कार्ड लागतं. फोनचं नेटवर्क दुपारनंतर गर्दीमुळे मान टाकतं, म्हणून हरवलो तर कुठे भेटायचं ते सकाळीच ठरवावं. इथले जुने लोक उंच काठीला रंगीत झेंडा बांधून आणतात, ते शोभेसाठी नव्हे, सोबत्यांना जागा दिसावी म्हणून.

पावसाचं सांगता येत नाही. रेसकोर्सच्या मातीला पाणी लागलं की घोट्यापर्यंत चिखल होतो, आयोजक वर पेंढा पसरतात. बंद बुटांपेक्षा रबरी बूट बरे. सँडल नकोत, चिखल पट्टा ओढून तोडतो.

मुख्य सल्ला असा की दुपारी 12 ते 3 हा वेळ सोन्याचा. रॉकमधली मोठी नावं शेवटच्या सेटला येतात आणि त्यांचा आवाज त्यांच्या जगभरच्या दौऱ्यात असतो तसाच असतो. स्थानिक फंक बँड मात्र भर उन्हात, अर्ध्या गर्दीसमोर वाजवतात आणि नव्या रेकॉर्डवरची गाणी तिथेच आधी काढतात. जॅझ, ब्लूज आणि गॉस्पेलचे तंबू सावलीसाठी चांगले, खुर्च्याही मिळतात. पण कापडी छताखाली ड्रम घुमतो, म्हणून तंबूत पुढच्या एक तृतीयांशातच बसावं. उघड्या मंचांवर वाऱ्याने उंच सूर हलतात. झांजा क्षणभर गायब होऊन परत येतात, तो इंजिनियरचा दोष नसतो. दोन मंचांच्या मधल्या पट्ट्यात दोन्हीकडचा बास एकमेकांत मिसळतो, तिथे थांबण्यात अर्थ नाही.

सेट संपल्यावर रेकॉर्ड घ्यायच्या त्या शक्यतो बँडच्या स्वतःच्या टेबलावरून. व्हिनाइलचे कारखाने मागे पडले की दुकानात यायच्या आधी काही खोकी बँडच्या गाडीत असतात, आणि पैशाचा मोठा वाटाही तिथेच त्यांच्या हातात पडतो. मैदानावर झालेल्या अनेक सेटची थेट ध्वनिमुद्रणं आठवडाभरात विकत मिळतात. आम्ही ती आवर्जून घेतो. स्टुडिओतल्या गाण्यापेक्षा मैदानावरचं तेच गाणं किती वेगात सुटतं ते घड्याळ लावून मोजता येतं.

रविवार: रस्त्यावर

आज मैदान नाही. डब्ल्यूडब्ल्यूओझेडच्या यादीत त्या रविवारची सेकंड लाइन आहे का ते पाहावं. शहरातले सोशल एड अँड प्लेझर क्लब उन्हाळ्याचे महिने सोडून जवळजवळ दर रविवारी अशी मिरवणूक काढतात. साधारण चार तास, मधे ठरलेले थांबे. यादीत रस्त्यांची नावं ओळीने दिलेली असतात. सुरुवातीला न जाता दुसऱ्या थांब्यावर सामील झालं तर उन्हातला तास वाचतो आणि बँड तोवर तापलेला असतो.

पुढे क्लबचे सदस्य, एका रंगाचे कपडे, हातात पिसांचे पंखे. त्यांच्याभोवती दोर धरलेला असतो. त्या दोराच्या आत जाऊ नये, त्यांच्या समोर उभं राहून फोटो काढू नयेत. मग बँड. ट्राँबोन पुढे, कारण त्यांची नळी पुढे सरकते आणि मोकळी जागा लागते. मग ट्रंपेट, सॅक्सोफोन. मागे सूझाफोन (अंगाभोवती गुंडाळलेलं, खर्जाचं मोठं पितळी वाद्य) आणि ड्रम. आपली जागा बँडच्या बाजूने किंवा मागे, ड्रमपासून दोन हात अंतरावर.

इथे थांबून बास ड्रम वाजवणाऱ्याकडे नीट पाहावं. ड्रम पट्ट्याने छातीवर टांगलेला. त्याच्या माथ्यावर एक झांज बसवलेली, तोंड आकाशाकडे. उजव्या हातात गुबगुबीत टोकाची काठी, डाव्या हातात स्क्रूड्रायव्हर किंवा वाकवलेली हँगरची तार. काठी चामड्यावर, तार झांजेवर. तारेमुळे झांजेचा आवाज पातळ आणि टोकदार होतो आणि पन्नास माणसांच्या गलक्यातून पार निघतो. चार मात्रांची दोन आवर्तनं मोजली तर दुसऱ्या आवर्तनाच्या चौथ्या मात्रेवर तो सगळ्यांत जोराचा ठोका देतो. इथे याला 'बिग फोर' म्हणतात. समेवर वजन टाकायची सवय असलेल्या कानाला आधी पाय चुकल्यासारखं वाटतं. दहा मिनिटं चाललं की पाय स्वतःच चौथीची वाट पाहू लागतात.

स्नेअर मात्र दुसऱ्याच माणसाकडे असतो, आणि तो बास ड्रमच्या उत्तरात बोलतो, त्याच्यावर नाही. म्हणजे ठेका दोन चालत्या माणसांत वाटलेला आहे. मीटर्सच्या झिगाबू मॉडेलिस्टने साठच्या दशकाच्या उत्तरार्धात केलं ते एवढंच: हा दोन माणसांतला संवाद एका स्टुलावर बसून, दोन हात दोन पायांत आणला. मीटर्सचं 1969 चं 'सिसी स्ट्रट' रविवारी रात्री ऐकावं. जॉर्ज पोर्टरचा बास आणि नोसेंटेलीची गिटार एकच ओळ एकत्र वाजवतात, आर्ट नेव्हिलचा ऑर्गन मागे उभा, आणि ड्रम त्या ओळीच्या फटींतून चालतो. मिरवणुकीआधी तो ड्रम नुसताच अवघड वाटला असता. आज त्यात दोन माणसं वेगळी ऐकू येतील.

व्यवहाराचं थोडं. मिरवणूक सुरू झाली तिथेच संपेल असं नाही, परतीचा रस्ता आधी पाहून ठेवावा. सोबत विक्रेते गार पाणी घेऊन चालतात, रोख लागते. अंगावर कमी सामान असावं.

सोमवार: सैल दिवस

सकाळी काही नाही. कानांनाही विश्रांती हवी. 85 डेसिबलला आठ तास ही कामाच्या ठिकाणची अमेरिकन शिफारस आहे, आणि दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो. म्हणजे 100 डेसिबलला पंधरा मिनिटं. क्लबमधला फंक बँड तेवढा आरामात जातो. फोमचे बोळे चालतात, पण ते उंच सूर जास्त गिळतात आणि सगळं गोधडीखालून आल्यासारखं ऐकू येतं. वादकांसाठीचे, आत छोटी गाळणी असलेले प्लग सगळे सूर जवळपास सारखे कमी करतात. तेच घ्यावेत. रात्री कानात शीळ वाजत असेल तर दुसऱ्या दिवशीचा एक कार्यक्रम सोडावा.

दुपारी पुन्हा लुइझियाना म्युझिक फॅक्टरी. फेस्टच्या मधल्या दिवसांत दुकानातच फुकट मैफली होतात, बँड नव्या अल्बममधून अर्धा-पाऊण तास वाजवतात. रेकॉर्डच्या कप्प्यांच्या मधे उभं राहून, वादकापासून दोन मीटरवर.

जॉर्ज पोर्टर बरीच वर्षं सोमवारी रात्री मेपल लीफ बारमध्ये त्रिकूट घेऊन वाजवत आले आहेत. यादीत नाव असेल तर बाकी सगळं सोडून जावं. बासचा सूर किती लवकर थांबवायचा हे शिकायचं तर त्यांच्या डाव्या हाताकडे पाहावं.

मंगळवार: ओक स्ट्रीट

सेंट चार्ल्सची ट्राम वळून कॅरलटन ॲव्हेन्यूला लागते, तिथे ओक स्ट्रीटला उतरायचं. मेपल लीफ 1974 पासूनचा. लांबट, अरुंद खोली, भिंती आणि छत नक्षीच्या पत्र्याचं. जेम्स बुकर इथे नियमित पियानो वाजवायचा. अनेक दशकं मंगळवार म्हणजे रीबर्थ ब्रास बँड, 1983 मध्ये शाळकरी पोरांनी काढलेला आणि 2012 मध्ये ग्रॅमी घेणारा. यादीवर खात्री करून दहापर्यंत पोचावं, बँड सुरू व्हायला अकरा वाजतात.

रविवारी मोकळ्या रस्त्यावर ऐकलेला तोच ठेका आज पत्र्याच्या खोलीत कोंडलेला आहे. पत्र्यावरून पितळेचा आवाज परत येतो, आणि ट्रंपेटचे उंच सूर घंटेच्या, म्हणजे वाद्याच्या पसरट तोंडाच्या, थेट समोर किरणासारखे जातात. घंटेच्या रेषेत उभं राहू नये, पाऊलभर बाजूला सरकलं तरी फरक पडतो. सूझाफोनचा खर्ज मात्र सगळीकडे पसरतो, त्याच्यापासून पळता येत नाही आणि पळूही नये. इथे बास गिटार नाही. एक माणूस फुप्फुसांनी तासभर तेच काम करतो. श्वास घ्यायला तो कुठे सूर सोडतो ते ऐकावं. त्या सोडलेल्या जागाच ठेक्याला आकार देतात, आणि बास गिटारवाल्यांनीही त्या उचलल्या. डम्पस्टाफंकच्या रेकॉर्डवर दोन बास असूनही चिखल का होत नाही, त्याचं उत्तर यात आहे. एक बोलतो तेव्हा दुसरा श्वास घेतो.

गर्दी घामेजलेली आणि दाट असते. बॅग आणूच नये. मागच्या बाजूला अंगण आहे, दोन सेटच्या मधे तिथे जावं, पण दुसरा सेट सुरू व्हायच्या पाच मिनिटं आधी आत यावं, नाहीतर दारातच अडकाल.

बुधवार: बांधाबांध

सकाळी रेकॉर्ड बांधायच्या. प्रवासात तबकडी जॅकेटच्या आत हलली की कागदाची शिवण फाडते. म्हणून तबकडी आतल्या पाकिटासकट जॅकेटच्या बाहेर काढावी, जॅकेटच्या मागे ठेवावी आणि दोन्ही एका प्लास्टिक बाह्य पाकिटात घालावं. पाकीट न फोडलेल्या रेकॉर्डला हे करता येत नाही, त्यांना दोन्ही बाजूंनी पुठ्ठा लावावा. सगळ्या उभ्या, घट्ट, कडेला कपडे भरून. एलपीचं जॅकेट साडेएकतीस सेंटिमीटरच्या आसपास असतं, बऱ्याच केबिन बॅगांत बसतं. चेक-इन सामानात टाकू नयेत. अमेरिकेतल्याच पत्त्यावर पाठवायच्या असतील तर पोस्टाचा मीडिया मेल स्वस्त पडतो, त्यात ध्वनिमुद्रणं चालतात. वेळ लागतो आणि परदेशी पाठवता येत नाही. जुन्या 45 घरी गेल्यावर धुताना स्टायरीनवर अल्कोहोल नको, डिस्टिल्ड पाणी आणि मऊ कापड पुरे.

विमान रात्रीचं किंवा गुरुवारचं असेल तर संध्याकाळी 5 च्या सुमारास लाफायेट स्क्वेअर. वसंतातल्या बुधवारी तिथे फुकट मैफल असते, ऑफिस सुटलेली माणसं, पोरंटोरं, घडीच्या खुर्च्या. इथले फंक आणि रॉक बँडच बहुतेक वेळा असतात. सेंट चार्ल्सची ट्राम चौकाच्या कडेनेच जाते. मंचाच्या डाव्या-उजव्या स्पीकरच्या बरोबर मधे, साउंड टेबलाच्या पुढे जागा धरावी आणि नवीन गाणं जाहीर झालं की नाव लिहून घ्यावं. त्यातली बरीच गाणी अजून कुठल्याच रेकॉर्डवर आलेली नसतात.